गाडी उलाळ भरली होती

बरेच शनिवार झाले, हा विषय लिहायचा म्हणतोय आणि टाळतोय. टाळायचं कारण साधं आहे. यात चूक माझी आहे, आणि ती माझी आहे हे कळायला मला तीन आठवडे आणि कागदभर गणित लागलं. मामाला तीन सेकंद लागले होते.

तर झालं असं. बाबांची एक मारुती ८०० होती. २००३ साली घेतलेली, पांढरी. बाबा गेल्यावर ती धुळ्याला देवपुरात काकांच्या अंगणात उभी होती. इंजिन बंद, टायर बसलेले, काचेवर बोटाने कोणीतरी नाव लिहिलेलं. मी पुण्यात, आई जळगावला. दिवाळीत घरी गेलो आणि डोक्यात घेतलं की गाडी जळगावला आणायची, हळूहळू दुरुस्त करायची. (असले विचार नेमके दिवाळीच्या सुट्टीतच सुचतात.)

काका म्हणाले, टोचन करून ने. 'टो-चेन'चं आमच्याकडे झालेलं हे टोचन. पण टोचनात मागच्या गाडीचं स्टिअरिंग आणि ब्रेक चालू लागतात, मागे माणूस बसावा लागतो, आणि हिचे ब्रेक केव्हाच गेलेले. शिवाय १९८९ च्या रस्ता नियमावलीत अशी गाडी ओढताना वेग ताशी २४ किलोमीटरपेक्षा जास्त नको आणि दोन गाड्यांत ५ मीटरपेक्षा जास्त अंतर नको, असं लिहिलेलं होतं. त्या नियमावलीच्या जागी २०१७ साली नवी आली, पण २४ चा आकडा माझ्या डोक्यात बसलेला. धुळे ते जळगाव नव्वदेक किलोमीटर. म्हणजे जवळजवळ चार तास! म्हटलं, त्यापेक्षा ट्रॉलीवर टाकू.

ओळखीतून एक पिकअप मिळाली, तिच्या मागे लावायची एका आसाची, दोन चाकांची ट्रॉली मिळाली आणि बावीस-तेवीस वर्षांचा ड्रायव्हर मिळाला. ट्रॉलीची नोंदणी आहे का, हे मी विचारलं नाही. मोटार वाहन कायद्याच्या व्याख्येत ट्रेलर हेसुद्धा 'मोटार वाहन'च आहे, त्यामुळे त्याचीही नोंदणी लागते, हे मी नंतर वाचलं. सगळं नंतरच वाचलं म्हणा.

मारुती भिंतीकडे तोंड करून उभी होती. आम्ही चौघांनी ती ढकलत मागे आणली आणि तशीच पाठमोरी फळ्यांवरून ट्रॉलीत चढवली. वळवून सरळ चढवायला अंगणात जागा नव्हती आणि आमच्या अंगात दमही नव्हता. म्हणजे डिकी पिकअपकडे आणि इंजिन ट्रॉलीच्या शेपटाला. चारही बाजूंनी पट्टे आवळले. बांधलं मात्र झकास होतं, त्यात खोट काढायला जागा नाही.

ट्रॉली पिकअपला जोडायची वेळ आली तर दांडी हुकावर बसेना. ती वर-वर जात होती. ड्रायव्हर म्हणाला, "भाऊ, पुढून फार हलकी लागते." मी म्हटलं, "बरंय की मग, पिकअपवर लोड नाही येणार." आणि मी, इंजिनिअर माणूस, स्वतः त्या दांडीवर बसलो. दांडी खाली आली, पिन बसली. सगळे हसले. काकूने चहा दिला.

पारोळ्याच्या अलीकडे एका पुलावरून उतरताना ट्रॉलीने पहिला झोका खाल्ला. स्पीडोमीटरवर सत्तरच्या आसपास काटा होता. आरशात मारुती एकदा डावीकडे दिसली, मग उजवीकडे, मग पुन्हा डावीकडे, आणि दर वेळी जरा जास्त. पिकअपचं मागचं अंग कोणीतरी हाताने धरून हलवतंय असं वाटत होतं. मी ओरडलो, "ब्रेक मार!" त्याने मारला. पुढचे दोन सेकंद मला नीट आठवत नाहीत. थांबलो तेव्हा पिकअप आडवी होती, ट्रॉली तिच्याशी काटकोनात, आणि मारुतीचा पुढचा कोपरा दुभाजकाला घासून चेपला होता. मागून येणारा मोटरसायकलवाला बायको आणि पाच-सहा वर्षांच्या मुलीला घेऊन कडेच्या मातीत उतरला होता. पडले नाहीत. मुलीच्या पायातली एक चप्पल रस्त्यावर राहिली होती, ती मी उचलून नेऊन दिली. तो माणूस मला काही बोलला नाही. बोलला असता तर बरं झालं असतं.

मग गर्दी जमली, आणि गर्दीने अर्ध्या मिनिटात निकाल दिला: पोरगा नवीन आहे, जोरात चालवत होता. पिकअपच्या मालकाला फोनवर तेच कळलं. त्याने त्याच संध्याकाळी पोराला कामावरून काढलं. मी तिथे उभा होतो. गप्प. मलाही तेच वाटत होतं ना!

मामा पारोळ्याजवळच्याच गावात राहतो, म्हणून त्याला फोन केला होता. तो मोटरसायकलवर आला, उतरला, ट्रॉलीकडे एकदा बघितलं आणि म्हणाला, "इंजिन मांगे कसाले ठेवं रे? गाडी उलाय भरेल शे ना."

उलाय म्हणजे उलाळ. अहिराणीत आमच्या 'ळ'चा 'य' होतो. शहरात वाढलेल्यांसाठी सांगतो: बैलगाडीत ओझं मागे जास्त झालं तर गाडी 'उलाळ', आणि पुढे दांडीकडे जास्त झालं तर 'धुरजड'. उलाळ गाडीची दांडी वर उचलली जाते, जू वर येतं आणि बैलांच्या गळ्यातल्या पट्ट्या त्यांनाच आवळतात. फार धुरजड झाली तर सगळा भार त्यांच्या मानेवर. म्हणून शहाणा माणूस कापूस असो की कडबा, गाडी भरून झाली की दांडी हाताने उचलून बघतो आणि ओझं असं सरकवतो की गाडी किंचित, अगदी किंचित धुरजड राहील. मामाने हे कुठल्या पुस्तकात वाचलेलं नाही. मी मात्र चार वर्षं इंजिनिअरिंग केलं, त्यात कंट्रोल सिस्टिम्सचा पेपर होता, त्यात मला चांगले मार्क होते, आणि मी दांडीवर बसून फोटो काढला. फोटो अजून मोबाइलमध्ये आहे.

पुण्याला परत आल्यावर गणित केलं. ढोबळ आहे, पण पुरेसं आहे. मारुती ८०० चं वजन साधारण ६५० किलो. इंजिन पुढे आणि ओढही पुढच्या चाकांना, त्यामुळे वजनाचा ६० टक्क्यांच्या आसपास वाटा पुढच्या चाकांवर. पुढच्या-मागच्या चाकांतलं अंतर सव्वादोन मीटरच्या आत. म्हणजे गाडीचा गुरुत्वमध्य मधोमध नसून इंजिनाकडे साधारण २२ सेंटिमीटर सरकलेला. एक वीत म्हणा. ट्रॉलीच्या आसापासून हुकापर्यंत ३ मीटर. आम्ही मारुती बरोबर मधोमध ठेवली होती, पण उलटी. म्हणजे ६५० किलो आसाच्या एक वीत मागे. हुकाशी हिशोब केला तर ४८ किलोची उचल. रिकाम्या ट्रॉलीची दांडी २५ किलोने खाली दबत असेल असं धरलं तरी ताळेबंद २३ किलो उचलीचा येतो. तेच ते, ज्याच्यावर मी बसलो होतो.

आता तीच गाडी त्याच जागी, पण तोंड पिकअपकडे करून ठेवली असती तर? २५ अधिक ४८, म्हणजे ७३ किलो खाली. आणि तिथून अजून एक वीत पुढे सरकवली असती तर १२१ किलो. ट्रॉलीसकट सगळं वजन १००० किलोच्या आसपास, म्हणजे १२ टक्के. अमेरिकेत ट्रेलर ओढणाऱ्यांना सांगतात की एकूण वजनाच्या १० ते १५ टक्के भार हुकावर यायला हवा. युरोपात यापेक्षा कमी चालतो, पण तिथे ट्रेलर ओढतानाच्या वेगाला मर्यादाही कडक असतात. मामाचं 'किंचित धुरजड' आणि हे १२ टक्के एकच. एक वीत आणि एक वळण, एवढाच फरक होता.

हे का होतं, ते थोडक्यात. (कंटाळा आला तर हा परिच्छेद गाळा, रागावणार नाही.) बाणाच्या टोकाला वजन असतं आणि शेवटी पिसं, म्हणून बाण सरळ जातो. ट्रॉलीची चाकं म्हणजे तिची पिसं. वजन चाकांच्या पुढे असलं तर वाऱ्याच्या झोताने किंवा खड्ड्याने ती बाजूला गेली तरी चाकं तिला ओळीत आणतात. वजन चाकांच्या मागे गेलं की शेपूटच पुढे व्हायला बघतं. आता वेगाचं काय? टायर आडवा जोर लावतो तो कोनाच्या हिशोबाने. ट्रॉलीचं शेपूट आडवं किती जोरात सरकतंय आणि गाडी पुढे किती जोरात जातेय, याच्या गुणोत्तरावर तो कोन ठरतो. पुढचा वेग वाढला की तेवढाच आडवा झोका टायरला कमी कोनात जाणवतो, म्हणून तो विरोधही कमी करतो. हेलकावा शमवणारी ताकद वेगाबरोबर घटत जाते. एका ठरावीक वेगाला ती संपते आणि त्यापुढे दर झोका आधीच्यापेक्षा मोठा. परीक्षेत आम्ही आलेखावर 'अस्थिर' लिहून दोन मार्क घ्यायचो, ते हेच. ब्रिटनमधल्या बाथ विद्यापीठाच्या संशोधकांनी वजनाची मांडणी बदलता येईल असा ट्रेलर घेऊन प्रयोग केले होते, ते २००९ साली प्रसिद्ध झाले. त्यातूनही हेच दिसलं की ओझं कुठे ठेवलंय, हुकावर भार किती आहे आणि आस कुठे आहे, यावर जोरात जाताना ट्रेलर टिकेल की नाही ते ठरतं.

आणि माझं ते "ब्रेक मार"! ट्रॉलीला स्वतःचे ब्रेक नव्हते. पिकअप थांबायला लागली की मागचे हजार किलो दांडीतून तिला ढकलणार. दांडी सरळ असेल तर ठीक, पण ती तिरकी असताना ढकललं की पिकअपचं मागचं अंगच बाजूला फेकलं जातं. त्या पोराने अॅक्सिलरेटरवरून पाय काढून स्टिअरिंग नुसतं सरळ धरलं असतं, झोक्याच्या उलट फिरवायच्या भानगडीत पडला नसता, आणि गाडी आपोआप हळू होऊ दिली असती, तर कदाचित निभावलं असतं. जोरात पळवून ट्रॉली सरळ करायची, असाही एक सल्ला ढाब्यांवर मिळतो. तो देणाऱ्याला वरचा वेगाचा हिशोब वाचून दाखवा.

आता माझ्या मुद्द्यावर येतो. मला असं वाटतं की आमच्या भागात हे आता जास्त होणार, आणि त्याचं कारण रस्ते चांगले झाले हे आहे. ऐकायला विचित्र वाटेल. पण जुना नॅशनल हायवे ६ आठवा. धुळे, पारोळा, एरंडोल, पाळधी, जळगाव. दुपदरी, खड्डे, मध्ये म्हशी, पुढे कापसाचा ट्रक. त्या रस्त्यावर ट्रॉली लावून चाळीसच्या वर जाताच यायचं नाही. उलाळ भरलेली ट्रॉली चाळीसला जरा डुलते आणि गप्प बसते. आता हाच रस्ता ५३ नंबरचा आणि बहुतांश चौपदरी झालाय. तीच ट्रॉली, तोच फॅब्रिकेशनवाला, तीच 'जशी चढली तशी ठेव' पद्धत, फक्त काटा सत्तरवर. चूक जुनीच आहे, खराब रस्ता तिला झाकून ठेवत होता. आमच्या धंद्यात हे रोज होतं. दहा युजर असताना छान चालणारा कोड दहा हजार युजर आले की कोसळतो, आणि मग ज्याची त्या रात्री ड्युटी असते त्याला सगळे शिव्या घालतात.

त्या रात्री ड्युटीवर तो पोरगा होता.

कायदाही ड्रायव्हर आणि वजन यांच्यापाशीच थांबतो. २०१९ च्या दुरुस्तीनंतर जादा वजनाला २० हजार रुपये आणि वर दर टनाला २ हजार असा दंड आहे. ठीकच आहे. पण आमची ट्रॉली वजनात कुठेच जास्त नव्हती. काट्यावर नेली असती तर पास झाली असती! ओझं आसाच्या पुढे आहे की मागे, हे काटा सांगत नाही आणि चौकातला हवालदार विचारत नाही. लायसनचंही तसंच. नागशेट्टी खटल्यात २००१ साली सुप्रीम कोर्टाने म्हटलं की ट्रॅक्टर चालवायचं वैध लायसन असेल तर मागे ट्रेलर जोडला म्हणून ते निरुपयोगी होत नाही. विम्याचे पैसे मिळण्याच्या दृष्टीने तो निकाल योग्यच होता, शेतकऱ्याच्या बाजूचा होता, माझी त्याबद्दल तक्रार नाही. पण यातून एवढं दिसतं की ट्रॉली जोडणं ही वेगळी शिकायची गोष्ट आहे, असं आपल्याकडे कोणी धरलेलंच नाही. ब्रिटनमध्ये १९९७ नंतर लायसन काढणाऱ्यांना कारमागे जड ट्रेलर ओढायचा असेल तर वेगळी परीक्षा द्यावी लागायची. ती त्यांनी डिसेंबर २०२१ मध्ये बंद केली, म्हणजे तेही फार सोवळे नाहीत.

मला वेगळी परीक्षा नकोच आहे. आरटीओत अजून एक रांग आणि अजून एक एजंट, बस. माझं मागणं ऑइलपेंटच्या एका डब्याचं आहे. ट्रॉली बनवणाऱ्याने बनवतानाच तिच्या फळीवर आस कुठे आहे तिथे एक लाल पट्टा आडवा मारावा आणि लिहावं: 'अर्ध्यापेक्षा जास्त ओझं याच्या पुढे'. गाडी वाहायची ट्रॉली असेल तर 'इंजिन इकडे' असा बाण. बनवणाऱ्याला आस कुठे आहे हे माहीत असतं, भरणाऱ्याला ते फळीखाली दिसत नाही. आणि भरणाऱ्याने निघायच्या आधी दांडी एका विटेवर आणि विटेखाली घरातला वजनकाटा ठेवून बघावं. हजार किलोला शंभर-सव्वाशे. आपण सगळे जिम लावल्यावर घेतो तोच काटा, पहिल्या महिन्यानंतर नाहीतरी पलंगाखालीच असतो. :-) मात्र काटा सव्वाशे दाखवतो म्हणून लगेच निघायचं नाही. ओढणाऱ्या गाडीचा हुक आणि मागची चाकं तेवढा भार घेतात का, टायरमध्ये हवा पुरेशी आहे का, हे बघायचंच.

ट्रॅक्टरवाले म्हणतील, आमच्या चार चाकी ट्रॉलीला हे लागू नाही. बरोबर, तिचं ओझं तिच्याच चार चाकांवर असतं, दांडी उचलून काही कळणार नाही. तिथे पिनेतली ढिलाई आणि मागे जोडलेली दुसरी ट्रॉली हा वेगळा विषय आहे. रावेर-सावद्याकडे केळी वाहणाऱ्यांना तो माझ्यापेक्षा चांगला कळतो. मी बोलतोय दोन चाकी ट्रॉलीबद्दल आणि तुमच्या-माझ्यासारख्यांबद्दल. आपल्यातलेच लोक आता एसयूव्हीमागे कॅम्पर लावायला निघालेत, बाइक ट्रॉलीवर टाकून ट्रॅकवर नेतात, जुन्या गाड्या हौसेने उचलून आणतात. पैसा आहे, चौपदरी रस्ता आहे, यूट्यूब आहे. दांडी उचलून बघणारा मामा मात्र बरोबर नसतो.

मारुती दुसऱ्या खेपेला आली. मामा स्वतः उभा होता. तोंड पुढे, आसाच्या एक वीत पुढे, दांडी दोघांनी मिळून उचलली तेव्हा कुठे हुकावर बसली. साठच्या वर गेलो नाही. आरशात ती पूर्ण रस्ताभर एकाच जागी दिसत होती. चेपलेला कोपरा मी अजून ठोकून घेतलेला नाही.

पिकअपच्या मालकाला मी फोन केला आणि सगळं सांगितलं, वजनाच्या हिशोबासकट. तो म्हणाला, जाऊ द्या भाऊ, झालं ते झालं, आता दुसरा पोरगा ठेवलाय. मग त्या मुलाचा नंबर घेऊन त्याला फोन केला. तो एरंडोलला एका वीटभट्टीच्या गाडीवर लागलाय. मी म्हटलं, चूक तुझी नव्हती, गाडी मी उलटी भरली होती. तो थोडा वेळ काही बोलला नाही. मग म्हणाला, "भाऊ, मी सांगितलं होतं ना, पुढून हलकी लागते."